डी श्रेणीची क्रोकेटं

करंदीच्या क्रोकेटला 'डी' श्रेणी मी दिली. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्यातून घडलं.

निउपोर्ट या समुद्रकाठच्या गावात बंदरामागे जो वृद्धाश्रम आहे, तिथे मी आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. गेल्या सप्टेंबरात आमच्या मुख्य कार्यालयाने ठरवलं की ताटातल्या प्रत्येक पदार्थाला ए ते ई अशी पोषणाची श्रेणी लावायची, ए सगळ्यांत चांगली, आणि ती संस्थेच्या वेबसाइटवर टाकायची. नातेवाइकांना बरं वाटतं म्हणे. मी हिशेब केला. शुक्रवारी जेवणाआधी दोन क्रोकेटं मिळत, म्हणजे आत करंदीचं मऊ सारण भरून तळलेले रोल. त्यांत चारशे दहा कॅलरी, पंचवीस ग्रॅम चरबी, चौदा ग्रॅम प्रथिनं, दीड ग्रॅमहून जास्त मीठ. आकडे बरोबर होते. आमचे संचालक कास्टलेन साहेब म्हणाले, "डी चालणार नाही. बदला." मी क्रोकेट काढून भाजलेली मासळीची वडी लावली. तिला 'बी' मिळाला. बाकीच्या दिवसांचं जेवणही असंच बदललं.

स्वयंपाकघर गोडलीव्ह सांभाळायची. बावीस वर्षं. मी नवा तक्ता तिच्या भिंतीवर चिकटवला तेव्हा ती चष्मा कपाळावर चढवून बराच वेळ वाचत राहिली.

"ही वडी तू खाल्लीयेस का?" तिने विचारलं.

"चांगली आहे, गोडलीव्ह."

"खाल्लीस का, ते विचारलं."

मी खाल्ली नव्हती.

जानेवारीत मी वजनांचे कागद काढले आणि मेदार्दच्या नावाशी थांबले. मेदार्द लेजैन, वय सत्त्याऐंशी, चाळीस वर्षं करंदीच्या बोटीवर काढलेला माणूस. सप्टेंबरात एकाहत्तर किलो होता, आता चौसष्ट. त्याच्या खोलीत गेले तर तो खिडकीपाशी बसला होता. शर्टाची कॉलर गळ्याभोवती सैल लोंबत होती.

"काही दुखतंय का?"

"दुखत काही नाही, पोरी."

"मग जेवत का नाही?"

"जेवायला दिलंय काय तुम्ही?" तो म्हणाला. "ओला पुठ्ठा देता. माझी आयुष्यभराची मासळी आणि तुम्ही मला पुठ्ठा खायला घालता! मी नाही खाणार. नळीने घालायचं असेल तर धरून घाला, चार माणसं लागतील."

मी त्याला प्रथिनांचं पेय देऊ केलं. त्याने ते माझ्यादेखत कुंडीत ओतलं.

खाली येऊन मी गोडलीव्हला म्हटलं, की मेदार्द हट्टीपणा करतोय. ती कांदा चिरत होती. सुरी खाली ठेवून ती म्हणाली, "तू शिकलेली आहेस ना? मग मला एक सांग. जे ताटात राहतं, त्यात कुणासाठी किती प्रथिनं असतात?"

मी भिंतीवरच्या तक्त्याकडे बोट दाखवलं.

"खरकट्याची बादली मोज," ती म्हणाली. "तक्ता कसला मोजतेस! बादली मोज."

राग आला मला. पण पुढचे तीन शुक्रवार मी हातमोजे चढवून परत आलेल्या ताटांतलं उरलंसुरलं काट्यावर ठेवलं. शंभर ग्रॅम वडीतले चौसष्ट ग्रॅम परत येत होते. कागदावर तेरा ग्रॅम प्रथिनं, पोटात जेमतेम पाच. एकतीसपैकी अकरा जणांचं वजन उतरलं होतं. फक्त मेदार्द तोंडाने बोलत होता, बाकीचे नुसते झिजत होते. आणि हे मी केलं होतं, 'बी' श्रेणी घेऊन.

आकडे घेऊन मी कास्टलेन साहेबांकडे गेले. त्यांनी शांतपणे वाचले.

"तुमची कळकळ समजते, ग्रीत. पण वेबसाइटवर डी दिसला तर लोक विचारतात. बादली कुणी विचारत नाही."

"मी विचारतेय."

"तुम्ही इथे नोकरी करता," ते म्हणाले.

त्या वाक्याने मला जे झालं, ते आजही नीट सांगता येत नाही. लाज होती, पण तिच्याखाली काहीतरी टणक होतं. मी सरळ स्वयंपाकघरात गेले आणि विचारलं, "एकतीस जणांना दोन-दोन. किती करंदी लागेल?"

गोडलीव्हने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "सालासकट चार किलो. उद्या सकाळी आणते. पण सोलणार कोण?"

गुरुवारी दहा वाजता बैठकीच्या खोलीत लांब टेबलावर कागद अंथरले आणि त्यावर बोटीवरच उकडलेली करंदी ओतली. खोलीभर समुद्राचा वास पसरला. सगळ्यांना हात धुवायला लावले. ज्यांची बोटं सकाळी शर्टाचं बटण लावू शकत नव्हती, त्यांची बोटं करंदीला लागली आणि आपोआप चालू लागली. एक पिळा, एक ओढ, साल बाजूला. मेदार्द काठी टेकत आला, खुर्ची ओढून बसला आणि माझ्या हातातली करंदी हिसकावून घेतली.

"अशी नाही गं! मान मोडतेस तिची. कुणी शिकवलं तुला?"

"कुणीच नाही."

"दिसतंय ते."

साडेदहाला कास्टलेन साहेब दारात उभे. "हे काय चाललंय? स्वच्छतेचे नियम आहेत. थांबवा हे."

कुणाचेही हात थांबले नाहीत. मेदार्दने मान वर न करता म्हटलं, "साहेब, मी एकसष्ट साली वादळात बोट परत आणलीय. तुमच्या वेबसाइटला मी घाबरेन असं वाटलं? या, बसा, नाहीतर दार लावून घ्या. गार वारा येतोय."

साहेब माझ्याकडे वळले. "हे तुमच्या संमतीने?"

"संमतीने नाही, माझ्या सांगण्यावरून," मी म्हणाले आणि फाइल पुढे केली. रात्रभर नव्हे, सकाळच्या दोन तासांत मी एकतीस वेगवेगळे कागद भरले होते. आहारतज्ज्ञाला प्रत्येक माणसासाठी खास आहार लिहिता येतो, आणि तो सर्वसाधारण तक्त्याच्या वर धरला जातो. प्रत्येक कागदावर नाव, वजन, आणि खाली: करंदीची क्रोकेटं, दोन, दर शुक्रवारी, तळलेली; बाकीचे दिवस सप्टेंबरापूर्वीचं जेवण. ज्या चौघांना मीठ वर्ज्य होतं त्यांच्यासाठी गोडलीव्ह वेगळं सारण करणार होती, तेही लिहिलं. आमच्या डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांवर सही केली होती. सही करताना त्या एवढंच म्हणाल्या होत्या, "उशीर केलास."

"याची नोंद तुमच्या सेवापुस्तकात होईल," साहेब म्हणाले.

"होऊ द्या. क्रोकेटचं स्पेलिंग मात्र नीट लिहा."

सालं आणि डोकी उकळून गोडलीव्हने रस काढला, लोणी-दूध-मैद्यात तो आटवला, करंदी घातली आणि सारण गार व्हायला ठेवलं. शुक्रवारी बारा वाजता तळणीचा आवाज जेवणघरापर्यंत येत होता. मेदार्दने पहिलं क्रोकेट काट्याने फोडलं. वाफ निघाली. त्याने लिंबू पिळलं, खाल्लं, दुसरंही खाल्लं आणि बशीतली तळलेली पार्सलीची पानंसुद्धा उचलली. मी बादली मोजली. एकतीस ताटांमधून दोनशे ग्रॅमही परत आलं नव्हतं, त्यातही बरीचशी लिंबाची सालं.

मला लेखी ताकीद मिळाली. ती घेतल्याची सही करताना मी खाली 'मान्य नाही' असं लिहिलं. मुख्य कार्यालयाने दोनदा पत्र पाठवून खास आहार मागे घ्यायला सांगितलं, आणि मी दोन्ही वेळा उत्तरात बादलीचे आकडे पाठवले. तिसरं पत्र आलं नाही. वेबसाइटवर शुक्रवारपुढे डी आहे. एका मुलीने फोन करून विचारलं, की माझ्या आईला असलं अन्न का देता? मी म्हटलं, शुक्रवारी बारा वाजता या, आईच्या शेजारी बसा. ती आली. आता दर शुक्रवारी येते.

मार्चच्या शेवटी मेदार्दला काट्यावर उभं केलं. सदुसष्ट किलो चारशे. मी आकडा सांगितला तर तो खुश होईल असं मला वाटलं होतं.

"आकडा तुझ्याकडेच ठेव," तो म्हणाला. "गोडलीव्हला सांग, कालच्या सारणात करंदी कमी होती. पीठ खपवतेय ती. मला कळतं."