कसर नव्हे, सुईची भोकं

२१ ऑगस्ट २०२०, सकाळी दहा वाजून वीस मिनिटं. मेलबर्नच्या पश्चिमेला, ट्रुगानिनातल्या एका घरात, डायनिंग टेबलावर माझी फ्रेम उघडण्यात आली. साठहून अधिक वर्षांनी मला मोकळी हवा लागली.

मित्रांनो, मी एक जुना कागद आहे. वय पाचशेच्या वर. माझ्यावर लाल खडूने काढलेला देवदूताचा चेहरा आहे. इटलीतल्या एका लहान चर्चच्या भिंतीवर चित्र काढायचं होतं. त्याची तयारी माझ्यावर झाली. चित्रकाराने रेघ एकदाच ओढली, खोडली नाही. मग रेघेवरून सुईने भोकं पाडली, मला ओल्या गिलाव्यावर धरलं आणि कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी वरून हलके आपटली. भिंतीवर ठिपके उमटले. ते जोडून देवदूत तयार झाला. कौतुक भिंतीचं झालं, मला गुंडाळून ठेवलं.

१९५६ साली आस्सुंता नावाच्या तरुणीने मला ट्रंकेत घालून बोटीने ऑस्ट्रेलियाला आणलं आणि फ्रेम करून पलंगामागच्या भिंतीवर लावलं. आता ती शहाऐंशी वर्षांची आहे, वृद्धाश्रमात असते. तिचा मुलगा रेन्झो मार्चमध्ये मला फ्रेमच्या दुकानात देऊन गेला. चिठ्ठीत लिहिलं होतं : “कागदाला कसर लागली आहे, टाकून द्या. फ्रेममध्ये आईबाबांच्या लग्नाचा फोटो बसवा.” लॉकडाऊनमध्ये दुकान बंद झालं, तेव्हा तिथे काम करणारी चित्रलेखा उरलेली कामं घरी घेऊन आली. त्यांत मीही होतो.

तिची आई सुचित्रा शेजारी बसून रांगोळीत रंग मिसळत होती. फेब्रुवारीत ती पुण्याहून तीन महिन्यांसाठी आली आणि विमानं बंद झाल्यामुळे अडकली. दुसऱ्या दिवशी गणपती बसणार होते.

“फेकतेस? दाखव बरं आधी.” तिने मला खिडकीच्या उजेडात धरलं. “अगं चित्रा, ही कसर नाही. कसर काय रेघ बघून खाते?”

“आई, प्लीज, हात पुसून तरी...”

“हा ठिपक्यांचा कागद आहे. आम्ही रांगोळीसाठी उदबत्तीने भोकं पाडायचो ना, तसला. थांब, चिमूटभर टाकून दाखवते.”

“आई! रांगोळी खाली ठेव!”

“ओरडतेस काय? युनिव्हर्सिटीत दोन वर्षं जुन्या कागदांचंच शिकलीस ना?”

चित्रलेखा उठली. तिने भिंग आणलं. भोकांच्या कडांना कोळशाचे कण होते. मला स्वतःविषयी शंका कधीच नव्हती. आता तिलाही उरली नाही.

मित्रांनो, जुना कागद टाकण्याआधी एकदा उजेडात धरून बघा. एवढंच माझं मागणं आहे.

चित्रलेखाने फोटो काढून रेन्झोला ईमेल पाठवली. त्याचं उत्तर दुपारी आलं : “आईच्या खोलीत खिळा एकच आहे. काय लावायचं ते तीच सांगेल. कागद नको म्हणाली, तर ठरल्याप्रमाणे करा.”

वृद्धाश्रमात भेटी बंद आहेत. चित्रलेखाने व्हिडिओ कॉल दोनदा लावला. दोन्ही वेळा आस्सुंता झोपलेली होती. तिसरा कॉल मंगळवारी दुपारी तीनला ठरला आहे.