घरात नाही त्याचा झेंडा

काठीची सैल झालेली गाठ पुन्हा आवळून न्तते खेथिसा खाली उतरतात न उतरतात, तोच एक मेंढपाळ ब्लँकेट सावरत, हातात डबा घेऊन अंगणात शिरला.

"बिअर झाली का हो, न्तते?"

"बिअर नाही. पक्षाचा झेंडा आहे तो."

मेंढपाळाने मान वर केली. पांढरं कापड, कोपऱ्यात मुठीएवढं काळं कबूतर.

"मग पांढरा कशाला लावलात? अख्खा डोंगर उतरून आलो की मी!"

"आलास तर सही करून जा."

"कोरड्या घशाने सही होत नाही, न्तते." तो डबा वाजवत निघून गेला.

सकाळपासूनचा हा सहावा. दारात पांढरं फडकं म्हणजे घरात विकायला बिअर, हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. राजधानीत, मासेरूत जाऊन बसलेल्या पंतप्रधान साहेबांना ते विसरायला चार वर्षं पुरली. मंगळवारी त्यांनी भर सभागृहात पक्ष फोडून नवा काढला. बुधवारी मंत्री तेच, गाड्या त्याच, राजवाड्यात राजाही तोच. विरोधी बाकांवर जाऊन बसला तो जुना पक्ष.

दुपारी मासेरूची गाडी यायच्या आत वीस नावं झाली, तर नवी शाखा खेथिसांची. नाहीतर पलीकडच्या गावाची. मग पंचवीस वर्षांचं चिटणीसपण संपलं. एकोणीस झाली होती. पहिलं त्यांचं स्वतःचं.

वही घेऊन ते चुलीपाशी गेले. बायको मक्याच्या पिठाची घट्ट लापशी, पापा, घोटत होती.

"एक नाव कमी पडतंय. तुझं लिहितो."

"माझं कुठलं?" तिने हात थांबवला नाही. "या घरात आले त्या दिवशी सासूबाईंनी नाव ठेवलं, मानेओ. नेओची आई. पोर पोटातही नव्हतं तेव्हा. माझं नाव लिहिलंत की त्यात नेओ आला. त्याला विचारलंत?"

खेथिसांनी वही मिटली. पंचवीस वर्षांपूर्वी जुन्या पक्षाची पत्रकं वाटताना नेओला गोळी लागली होती. शवपेटीवर त्याच पक्षाचा झेंडा होता. त्याच्या जागी गावाने बापाला चिटणीस केलं.

"काळ बदललाय, मानेओ. साहेबांनीही काही कमी सोसलं नाही."

"हो का? त्यांचा मुलगा कुठे पुरलाय?"

ती उठली, हात पुसत अंगणात गेली. झेंडा उतरवून तिने नीट घडी घातली आणि नवऱ्याच्या हातात दिली.

"घरात नाही त्याचा झेंडा लावू नये. माणसं तहानलेली परत जातात."

वळणावर भोंगा वाजला. गाडी कुंपणाशी थांबली. मासेरूच्या माणसाने काच खाली केली.

"काय न्तते, झाली का वीस?"

खेथिसांनी वही गुडघ्यावर उघडली. पहिल्या ओळीवर वाकून ते बराच वेळ पेन चालवत राहिले. मग वही आणि घडी दोन्ही खिडकीतून आत दिली.

"अठरा आहेत," ते म्हणाले.