ऑर्मरॉडचा लंबक आणि रविवारच्या चिप्स

शनिवारी दुपारी मेथडिस्ट चर्चच्या हॉलमध्ये मुंगीला शिरायला जागा नव्हती. दीडशे माणसं टाचा उंचावून समोरच्या टेबलाकडे बघत होती. टेबलावर काय होतं? चिप्स. बोटाएवढ्या जाड, तळलेल्या बटाट्याच्या चिप्स. आमच्या हॅगडेल गावात आईच्या दुधानंतर पोराच्या तोंडात पडतात त्या ह्याच. एक पुडी बूथच्या दुकानातली होती, पांढऱ्या कागदात गुंडाळलेली, व्हिनेगरने ओलसर झालेली. शेजारी युएनबाईंच्या चिनी पार्सलच्या दुकानातला झाकण लावलेला डबा.

टेबलामागे सेड्रिक ऑर्मरॉड उभा होता. अंगात निळा मखमली कोट, डोळ्यांवर काळी पट्टी, हातात साखळी आणि साखळीच्या टोकाला पितळेचा लंबक.

“मित्रांनो,” तो खर्जात म्हणाला, “बटाटा जिवंत असतो. ज्या हाताने तो तळला त्या हाताचं स्पंदन त्यात उतरतं. मी काहीच करत नाही. मी नुसतं माध्यम. बोलतो तो लंबक.”

त्याच्या बायकोने कागद उलगडला. लंबक पुडीवर आला, जरासा थरथरला आणि गोल गोल फिरू लागला.

“जिवंत!” ऑर्मरॉड ओरडला. “हा बूथचा हात!”

मग डब्याचं झाकण निघालं. लंबक थांबला आणि आडवा, घड्याळाच्या लोलकासारखा हलू लागला.

“मृत,” तो हळूच म्हणाला. लोकांच्या तोंडून एकदम ‘अरे बापरे’ निघालं.

“मी सांगत नव्हतो?” पुढच्या रांगेतले सिरिलआजोबा काठी आपटत म्हणाले. “चिनी दुकानातल्या चिप्सची चव वेगळी लागते! चाळीस वेळा सांगितलंय!”

इथेच तर मेख होती. चव खरंच वेगळी लागते. गावात शेंबड्या पोरालाही ते ठाऊक होतं. का लागते, हे मात्र कोणी कधी विचारलं नव्हतं. खोटं विकायला निघालेल्या माणसाला असलंच एखादं खरं हवं असतं, त्यावर बसून त्याचा धंदा चालतो.

हा ऑर्मरॉड दोन वर्षांपूर्वी दारोदार खिडक्या विकायचा. माझ्या बहिणीकडे त्याने बसवलेली खिडकी अजून गळते. खिडक्या खपेनात तेव्हा साहेबांना अचानक स्पंदनं जाणवायला लागली. गुडघे दुखतात? चिनी दुकानाच्या चिप्स. झोप लागत नाही? त्याच चिप्स. मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं? मागच्या शुक्रवारी काय खाल्लं होतं, ते आठवा! आणि ज्यांच्या पोटात ही ‘मृत ऊर्जा’ गेलीच आहे, त्यांच्यासाठी ताटाखाली ठेवायची तांब्याची चकती दाराशी मिळत होतीच. शिकलेली, चष्मे लावणारी माणसं त्या चकत्या रुमालात गुंडाळून घरी नेत होती. बघून माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

मी हिल्डा. या गावात सव्वीस वर्षं टपाल वाटते. प्रत्येक दार ओळखते, म्हणून त्या शनिवारनंतरच्या दोन महिन्यांत काय झालं ते मी रोज बघत होते. युएनबाईंच्या दुकानापुढची शुक्रवारची रांग आधी निम्मी झाली, मग उरलीच नाही. आया पोरांना दंडाला धरून पलीकडच्या फुटपाथवरून न्यायला लागल्या. एका सकाळी दुकानाच्या शटरवर लाल रंगात लिहिलेलं दिसलं, ‘मृत’. बाई बादली आणि ब्रश घेऊन घासत होत्या. मी ‘गुड मॉर्निंग’ म्हणाले आणि पुढे गेले.

मला त्या लंबकाचं एक अक्षर पटलं नव्हतं, तरी मीसुद्धा त्यांच्याकडे जायचं बंद केलं होतं. लोक काय म्हणतील, दुसरं काय! ऑर्मरॉडला शिव्या देते आहे तर त्यातल्या दोन माझ्या वाट्याच्या, हेही लिहून ठेवते.

मग ते पत्र आलं. जागेच्या मालकीणबाई मिसेस क्लेग यांचं होतं आणि ते युएनबाईंच्या हातात द्यायचं काम माझंच. त्यांनी काउंटरवर ते उघडलं आणि दोनदा वाचलं.

“महिनाअखेर भाडेकरार संपतो,” त्या म्हणाल्या. “पुढचा करणार नाहीत म्हणे. गावाच्या भावना आहेत.”

“युएनबाई, मी...”

“अठरा वर्षं झाली, हिल्डा. पूर आला तेव्हा या गावाला तीन दिवस कोणी जेवायला घातलं?” त्यांनी पत्राची घडी घातली. “जा तू. टपाल भिजेल.”

बाहेर पाऊसबिऊस काही नव्हता. मी तिथून तडक एंटविसलबाईंच्या घरी गेले. अर्ध्या गावाला त्यांनी रसायनशास्त्र शिकवलंय. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली, पण अजून त्या दारात दिसल्या की माणसं खिशातला हात बाहेर काढतात. मी सगळं घडाघडा सांगितलं.

“चव वेगळी लागते का?” बाईंनी विचारलं.

“लागते, बाई.”

“का?”

“ते... ठाऊक नाही.”

“अठरा वर्षं खाते आहेस आणि एकदाही विचारावंसं वाटलं नाही? मग त्या गाढवाने उत्तर दिलं तर चिडतेस कशाला? जागा तुम्हीच रिकामी ठेवलीत, तो येऊन बसला.”

मी मान खाली घातली. चाळीस वर्षांपूर्वी त्यांच्या वर्गात घालायचे तशीच.

बाईंनी पुढचे तीन दिवस दोन्ही दुकानांच्या स्वयंपाकघरांत काढले. काय बघितलं ते मला सांगितलं नाही. चौथ्या दिवशी त्या मिसेस क्लेगकडे गेल्या, मला साक्षीदार म्हणून घेऊन.

“तुमचा त्या लंबकावर विश्वास आहे ना? मग दोन पुड्यांवर कशाला, दहा पुड्यांवर बघू,” बाई म्हणाल्या. “कोणाच्या हातच्या चिप्स, एवढंच त्याने सांगायचं.”

“चालेल,” मिसेस क्लेग म्हणाल्या. त्या दुष्ट नव्हत्या, नुसत्या भित्र्या होत्या, आणि त्यांच्या ताटाखालीही चकती होती. “पण मला वेळ रविवारीच, प्रार्थनेनंतर. लंबक खरा ठरला तर करार नाही. चुकला, तर मी पेन घेऊन स्वतः त्यांच्याकडे जाईन.”

ऑर्मरॉडला निरोप गेला. तो हसला म्हणे. “दहा काय, शंभर आणा!”

रविवारी हॉलबाहेरसुद्धा गर्दी. टेबलावर दहा पार्सलं मांडलेली, पाच कागदी पुड्या, पाच झाकणाचे डबे. एंटविसलबाईंनी स्वतःची लोकरीची शाल ऑर्मरॉडच्या डोळ्यांवर करकचून बांधली.

“श्वास घेता येतोय ना?” त्यांनी विचारलं.

“उत्तम!” तो म्हणाला. “बाई, तुमच्या मनात शंका आहे. मला तिचं स्पंदन जाणवतंय.”

“जाणवू दे. कामाला लागा.”

बाई एकेक पार्सल उघडत गेल्या. कागद वाजला की लंबक गोल, “जिवंत! बूथ!” झाकण निघालं की लंबक आडवा, “मृत! चिनी हात!” दहाच्या दहा त्याने न अडखळता सांगितली. शेवटच्या पुडीला लोक बाकांवर उभे राहून टाळ्या वाजवत होते. युएनबाई दाराशी एप्रनवरच उभ्या होत्या, हाताची घडी घालून.

“थांबा,” एंटविसलबाई म्हणाल्या. “सिरिल, पुढे ये. तुझी जीभ गावात नावाजलेली. या पुडीतली एक खा.”

सिरिलआजोबांनी खाल्ली, डोळे मिटून. “ही बूथची. माझ्या बापाने मला याच चवीवर वाढवलं. शपथेवर सांगतो.”

“आणि ही डब्यातली?”

“श्शी! लिबलिबीत. ही त्यांची.”

मिसेस क्लेगनीही दोन्ही चाखल्या आणि मान डोलावली. त्यांनी युएनबाईंकडे बघायचं टाळलं.

“छान,” बाई म्हणाल्या. “आता मला एवढंच सांगा. आज वार कोणता?”

“रविवार,” कोणीतरी म्हणालं.

“क्लिफर्ड बूथ, उभा राहा. रविवारी तू कढई किती वाजता पेटवतोस?”

एकेकाचा चेहरा बदलताना मी बघितला. बूथचं दुकान रविवारी बंद असतं. त्याच्या आजोबांच्या वेळेपासून असतं. रविवारी बूथच्या दारावर टकटक करणारा माणूस हॅगडेलचा नाही, असं आम्हीच म्हणतो. आणि दीडशे हॅगडेलकरांपैकी एकालाही सुचलं नव्हतं की मग या पुड्या आल्या कुठून?

“पेटवतच नाही, बाई,” बूथ मान खाली घालून म्हणाला. “कालपासून कढई थंड आहे.”

“दहाही पार्सलं युएनबाईंनी तळली आहेत,” बाई म्हणाल्या. “आज बाराला, त्यांच्या स्वयंपाकघरात, माझ्यासमोर. बूथने मला तीन गोष्टी दिल्या: गुरांची चरबी, कागद आणि व्हिनेगरची बाटली. निम्म्या चिप्स त्या चरबीत तळल्या, व्हिनेगर मारला, कागदात बांधल्या. निम्म्या नेहमीच्या तेलात तळून डब्यात भरल्या. कागदातून वाफ निघून जाते, चिप्स कुरकुरीत राहतात. झाकणाखाली वाफ कोंडते, त्या मऊ पडतात. चरबीचा वास वेगळा, तेलाचा वेगळा. संपला तुमचा चमत्कार. आणि बटाटे? ते तर दोन्ही दुकानांत मंगळवारी एकाच ट्रकमधून उतरतात.”

ऑर्मरॉडने शाल ओढून काढली. त्याचा चेहरा घामाने डबडबला होता. “कागद! कागद बूथचा होता! स्पंदन कागदातून आलं!”

“म्हणजे आता कागद जिवंत?” मागून कोणीतरी ओरडलं. “मग पावाच्या पिशवीला पण विचार रे, तिचं काय म्हणणं आहे!”

हॉलमध्ये हशा पिकला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी त्याच्या हातातून लंबक घेतला आणि कोट अडकवायच्या खुंटीला टांगला. खाली आधी पुडी धरली, मग डबा. लंबक ढिम्म.

“डोळे बांधलेत, पण नाक उघडं ठेवलंत आणि कानही,” बाई म्हणाल्या. “व्हिनेगरचा वास आला, कागद वाजला, की बोटं किंचित हलतात. साखळी लांब, म्हणून खाली ते मोठं दिसतं. हे कोणाच्याही हातून होतं, हलवतोय हे माणसाला कळतही नाही. तुम्हाला कळत होतं की नाही ते तुमचं तुम्ही जाणा. चकत्या मात्र तुम्ही शुद्धीत विकल्यात. नाकाला चिमटा लावून, सगळ्या चिप्स एकाच तऱ्हेच्या भांड्यात घालून पुन्हा करता?”

“इथलं वातावरण दूषित झालंय,” ऑर्मरॉड म्हणाला आणि मखमली कोट सावरत बाजूच्या दाराने सटकला. बायको चकत्यांचा खोका उचलून मागोमाग. त्यानंतर तो हॅगडेलमध्ये दिसला नाही.

गोष्ट इथे संपली असती तर मला लिहायला फार आवडलं असतं.

मिसेस क्लेग पर्समधून करार आणि पेन काढून दाराशी गेल्या. शब्दाच्या पक्क्या होत्या. “युएनबाई, झालं गेलं विसरा. पाच वर्षांचा करार करू. सही करा.”

युएनबाईंनी पेन घेतलं नाही. “लंबक बरोबर निघाला असता तर?”

“पण नाही ना निघाला!”

“मी विचारतेय, निघाला असता तर?”

मिसेस क्लेगनी पेनाला टोपण लावलं.

“आज बाईंनी कष्ट घेतले, मी त्यांची ऋणी आहे,” युएनबाई म्हणाल्या. “पण माझं दुकान राहावं की जावं हे तुम्ही एका साखळीवर सोडलं होतंत. अठरा वर्षं मी तुम्हाला दिसत होते. उद्या दुसरा कोणी दुसरी साखळी घेऊन येईल. प्रेस्टन शहरात माझा भाऊ आहे. मी तिकडे जाते.”

सिरिलआजोबा पुटपुटले, “अहो, आम्हाला काय ठाऊक, आम्ही आपलं...”

“मला विचारायचंत,” त्या म्हणाल्या. “रोज काउंटरवरच तर होते.”

तीन आठवड्यांत त्या गेल्या. त्यांची पत्रं नव्या पत्त्यावर पाठवायचा अर्ज मीच घेतला. आता त्या शटरवर ‘भाड्याने देणे’ अशी पाटी आहे आणि शुक्रवारी लोक तिच्यापुढून बूथकडे जाताना उगाच भराभर चालतात.

चिनी दुकानातल्या चिप्सची चव वेगळी लागते. लागणारच. तेल वेगळं, डबा वेगळा. तळणाऱ्या बाईला विचारलं असतं तर तिने अर्ध्या मिनिटात सांगितलं असतं. आम्ही लंबकाला विचारलं, तांब्याच्या चकतीला विचारलं, शेजारणीला विचारलं, फक्त तिला विचारलं नाही. पुरावा मिळाला तोही आयता, एका म्हाताऱ्या शिक्षिकेने हातात ठेवला तेव्हा. तुमच्या गावातही कोणीतरी येईल, त्याचा कोट वेगळा असेल, हातात लंबकाऐवजी दुसरं काही असेल. तो ज्याच्याकडे बोट दाखवतो आहे त्याच्या दाराशी आधी जा आणि सरळ विचारा. आणि त्याचं सामान गाडीत चढायच्या आत विचारा.