बाबांच्या मिलचं ऑडिट

मी ऑडिटचं पुस्तक आहे, अंगानं जाडजूड आणि लोकांच्या मते नीरस. सीएच्या परीक्षेला बसणारी मुलं मला विकत घेतात आणि माझ्यातलं नीतिनियमांचं प्रकरण शेवटच्या आठवड्यासाठी ठेवून देतात. ते नुसतं पाठ करायचं असतं, अशी त्यांची समजूत.

नागपूरच्या छापखान्यातून मी बालाघाटच्या एका दुकानात आलो. बरेच दिवस दोरीनं बांधून पडलो होतो. तिथून अपेक्षानं मला घरी आणलं.

अपेक्षा गजेंद्र सरांच्या सीए ऑफिसात आर्टिकलशिप, म्हणजे सीएची उमेदवारी, करायची. ऑडिटरनं स्वतंत्र असावं आणि तसं दिसावंही, जिथले हिशेब तपासायचे तिथे हिशेब सांभाळणारा जवळचा नातेवाईक असू नये, हे सगळं ती पोळ्या लाटतानाही घडाघडा म्हणायची. माझी पानं पिवळ्या रेघांनी भरली. तिला त्याचा अर्थ कळला होता असं मला वाटत नाही. मलाही कळला नव्हता म्हणा. माझ्याकडे फक्त शब्द होते.

एक दिवस सरांनी तिला खैरलांजीकडच्या एका राइस मिलच्या ऑडिटवर नेमलं. मिल ऑफिसकडे ऑडिटसाठी नव्यानंच आलेली. तिथले मुनीम तेजराम हे अपेक्षाचे वडील, हे सरांना ठाऊक नव्हतं.

तेजरामला मात्र आनंद झाला. जेवताना म्हणाला, "बरं झालं. मी सारं तयार ठेवतो. तुले काही पाहाच लागनार नाही."

अपेक्षाचा घास हातातच राहिला.

"बाबा, मी सरांले नाही म्हनून सांगतो."

"काहून? तुले माह्यावर भरोसा नाही?"

"हाये, म्हनूनच नाही जमत. तुमी म्हनाल गोदामात एवढे पोते हायेत, अन् मी न मोजताच लिहून घेईन."

तेजराम ताटावरून उठला.

दुसऱ्या दिवशी तिनं सरांना सांगितलं. "अच्छा किया बता दिया," एवढंच बोलून त्यांनी तिच्याऐवजी ऑफिसातल्या समीक्षाला पाठवलं. मिलमध्ये कुजबुज झाली, मुनीमजीची पोरगी काहून आली नाही, काही गडबड हाये का? मालकानंही विचारलं. तेजराम घरी एकटाच जेवू लागला. मुलीच्या प्रामाणिकपणानं बापावर संशय आला होता आणि तो निस्तरायला माझ्यात एकही कलम नव्हतं.

समीक्षानं गोदामातली थप्पी न् थप्पी पाहिली. कणीची काही पोती अख्ख्या तांदळात धरली गेली होती. तेजरामच्या हातून झालेली साधी चूक. त्याला स्वतःलाच ती माहीत नव्हती. ती दुरुस्त झाली.

त्या संध्याकाळी तो घरी आला, सायकल भिंतीला लावली आणि अपेक्षाजवळ बसला.

"तू असती तं नजरेतून सुटली असती ते चूक."

"हौ," अपेक्षा म्हणाली.

मग दोघांनी चहा घेतला.

परीक्षेत नीतिनियमांच्या प्रकरणावर प्रश्न आला की नाही, मला माहीत नाही. पुस्तकांना आत नेत नाहीत. ती पास झाली, एवढं पेढ्यांवरून कळलं.

आता नियम बदललेत, माझी नवी आवृत्ती निघाली आहे. मी कपाटाच्या खालच्या खणात असतो. उद्या रद्दीत जाईन. त्याआधी कोणी उघडलंच तर एवढं करावं. जिथे 'नातेवाईक' असं छापलंय, तिथे आपल्या माणसाचं नाव घालून वाचावं.