गेरूचे दोन पट्टे

“आबा, कॅमेऱ्याकडं बघू नका,” मी सातव्यांदा सांगितलं.

“मग बघू कुठं?” आजोबा म्हणाले. “बोलतीयास तू. बोलणाऱ्या माणसाकडं बघावं का झाडाकडं?”

“झाडाकडं बघा.”

ते झाडाकडे बघत बसले. बाजेवर बसून बाभळीकडे बघणारा एक म्हातारा, असं चाळीस मिनिटांचं शूटिंग घेऊन मी सोमवारच्या एसटीने वरवंडहून दौंडला गेले. रत्नपारखी सरांनी पाच मिनिटं पाहिलं आणि टेप बंद केली.

“प्रगती, हे रेडिओवर चांगलं चालेल,” ते म्हणाले.

वर्गातली सतरा पोरं हसली. हसायला काय जातंय? मीही दुसऱ्यांच्या टेपला हसले होतेच.

हे २००६ सालचं. लघुपट कसा करायचा ते शिकवणारा सहा महिन्यांचा कोर्स पुण्याच्या एका संस्थेने आमच्या कॉलेजात आणला होता. अठरा विद्यार्थी आणि कॅमेरा एक. तो प्रत्येकाला दोनदा घरी न्यायला मिळायचा, एकदा सरावाला आणि एकदा खऱ्या शूटिंगला. आधी सगळं कागदावर मांडायचं, कुठला शॉट, किती सेकंद, त्यात काय दिसणार. ज्याचा लघुपट पहिला येईल त्याला पुण्यात पुढचं दोन वर्षांचं शिक्षण, राहण्याजेवणासकट. मला ती जागा हवी होती. दिवाळीनंतर कुरकुंभच्या कारखान्यातला एक ऑपरेटर मला बघायला येणार होता, आणि माझ्या वडिलांनी, पोपटरावांनी, मनातल्या मनात माझं लग्न लावूनही टाकलं होतं. पुण्याची जागा मिळाली तर पाहुण्यांना नकार कळवू, एवढं मात्र त्यांनी कबूल केलं होतं.

“तू इथे लिहिलंयस, ‘माझे आजोबा, एक मेंढपाळ’,” सर म्हणाले. “मग मेंढी दाखव ना मला.”

मेंढी आमच्याकडे दहा वर्षांपासून नव्हती. कॅनॉलचं पाणी आलं, वडिलांना कारखान्यात नोकरी लागली, आणि आबा डोळ्याच्या ऑपरेशनला पुण्याला गेले होते त्या आठवड्यात वडिलांनी सगळा कळप विकून टाकला. आबांना विचारलं असतं तर ते नाही म्हणाले असते, म्हणून विचारलंच नाही. आबा डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून परत आले. दारातून त्यांनी रिकाम्या जागेकडे एकाच डोळ्याने पाहिलं आणि आईकडे पाणी मागितलं. त्यावर ते पुढे कधीच काही बोलले नाहीत. भांडले असते तर बरं झालं असतं असं आई म्हणायची.

मेंढ्या मी मिळवल्या. शेजारच्या पडवी गावचे म्हाळूकाका हे आमच्या भावकीतले. ते अजून कळप राखून होते आणि दिवाळी झाली की कोकणात उतरायचे. त्यांना बायकोला दवाखान्यात दाखवायला दौंडला न्यायचं होतं. दोन दिवस मेंढरं आबांकडे राहतील, तुम्ही निवांत जा, असं मी सुचवलं. ते खूश झाले. मी तर त्याहून खूश झाले, कारण कॅमेरा माझ्याकडे नेमका तेव्हाच येणार होता.

मेंढरं आली आणि आबा बदलले. सत्तरी ओलांडलेले आबा एरवी संडासला जातानाही भिंतीचा आधार घ्यायचे, ते कळपामागे तलावाच्या भरावापर्यंत चालत गेले. त्यांनी माळ्यावरची वाघूर काढली, मेंढरं कोंडायची दोरीची जाळी. ती उंदरांनी दोन ठिकाणी कुरतडली होती. गाठी मारून नीट केली, मेखा ठोकल्या, मेंढरं आत घेतली. मी सगळं टिपत होते. आता त्यांना ‘कॅमेऱ्याकडे बघू नका’ असं सांगावं लागत नव्हतं. माझ्याकडे बघायला त्यांना वेळच नव्हता.

माझ्या कागदावर चौदावा शॉट होता, ‘आबा मेंढीवर आपली खूण लावतात’. म्हाळूकाकांच्या मेंढ्यांना मानेवर निळा ठिपका होता. आमच्या घराची खूण म्हणजे पाठीवर, शेपटीच्या वर, गेरूचे दोन आडवे पट्टे. मी वाटीत गेरू कालवून आणला.

“खूण?” आबा म्हणाले. “म्हाळूच्या मेंढरास्नी?”

“शॉट आहे आबा. सहा मेंढ्यांना लावा, बास.” सहा का, तर चौकटीत सहाच मावत होत्या.

“म्हाळूला ठावं हाय?”

मी फोकस लावत होते. ऊन उतरत चाललं होतं आणि मला तोच सोनेरी उजेड पाहिजे होता. “हो. त्यांनीच सांगितलंय,” मी म्हणाले.

“त्यानं सांगितलं? खूण लावा म्हनून?”

“हो म्हटलं ना आबा. लावा लवकर, उजेड चाललाय.”

आबांनी वाटी खाली ठेवली. हात धोतराला पुसले आणि पडवीच्या दिशेने जोडले. मग बोटं गेरूत बुडवून एकेका मेंढीच्या पाठीवर पट्टे ओढले, सरळ, कुठेही न ओघळता. सहावीच्या वेळी त्यांनी मुंडाशाच्या सोग्याने डोळे पुसले. मी झूम केला.

आता जे सांगते ते तुम्हाला ठाऊक असायचं कारण नाही. आमच्या भावकीत कुणाचा कळप रोगाने गेला, की बाकीचे त्याला एक-दोन मेंढ्या देत. ‘देतो’ असं तोंडाने म्हणायचं नाही, घेणाऱ्याला लाज वाटते. आपल्या मेंढीवर त्याला त्याची खूण लावू द्यायची. खूण लागली की मेंढी त्याची. पुढे त्यावर कुणी चकार शब्द काढत नाही. म्हाळूकाकांच्या वडिलांचा कळप लाळ्या रोगाने गेला होता, तेव्हा आबांनी त्यांना आपल्या मेंढ्यांवर अशीच खूण लावू दिली होती. हे मी लहानपणी ऐकलं होतं. त्या संध्याकाळी ते मला आठवलं नाही, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगत आले आहे.

तिसऱ्या दिवशी सकाळी म्हाळूकाका आले. वडील पहिल्या पाळीला गेले होते, आई खुरपायला. घरी आबा आणि मी, आणि माझ्या हातात कॅमेरा. कळप परत जाताना आबा पाठमोरे उभे आहेत, असा माझा शेवटचा शॉट होता.

आबांनी सहा मेंढ्या वाघुरीच्या एका तुकड्याने वेगळ्या कोंडल्या होत्या. त्यांना पाला टाकला होता. अंगात धुतलेला सदरा होता.

“आबा, ह्या का वायल्या केल्या?” काकांनी विचारलं.

“माज्या हायेत त्या.”

“कुणाच्या?”

“खूण बघ की.”

काका हसले. म्हातारा थट्टा करतोय असं त्यांना वाटलं. मग त्यांनी पट्टे पाहिले आणि हसू गेलं. “आबा, म्या कवा दिल्या? गाभण हायेत त्या. कोकणात न्यायच्यात मला.”

आबा वळले आणि सरळ माझ्याकडे बघून म्हणाले, “परगे, म्हाळूनं सांगितलं म्हणलीस न्हवं तू?”

माझा डोळा कॅमेऱ्याला लागलेला होता. तो काढून मी ‘हो, मी खोटं बोलले’ असं म्हणायला हवं होतं. एवढंच काम होतं. मी कॅमेरा स्थिर धरून उभी राहिले. आबा वाट बघत होते. पुढे मी ते मोजलं, अकरा सेकंद.

म्हाळूकाकांना समजलं. माणूस वाईट नव्हता. “आसू द्या आबा,” ते म्हणाले. “दोन ठिवा तुमच्याकडं. माजं काय आडत न्हाई.”

“नगं.”

“आवं, मी मनानं देतोय.”

“आता देतोयस. तवा दिल्या न्हवत्यास.”

त्यांनी हौदातून बादली भरून आणली. काका पुढे झाले तर त्यांना हातानेच थांबवलं. गुडघे टेकून ते एकेका मेंढीचे पट्टे धुवायला लागले. लोकरीतला गेरू लवकर निघत नाही. पाणी ओतायचं, लोकर मुठीत धरून चोळायची, पिळायची, पुन्हा पाणी. त्यांचे हात कोपरापर्यंत लाल झाले, धुतलेला सदरा भिजला. मी जवळून घेतलं, लांबून घेतलं, खाली बसून घेतलं. पाचव्या मेंढीला टेप संपली. सहावी त्यांनी कशी धुतली ते मी पाहिलंच नाही, मी दुसरी टेप शोधायला आत गेले होते. बाहेर आले तेव्हा कळप निघाला होता आणि आबा बादली पालथी घालत होते.



दौंडला कॉलेजच्या कॉम्प्युटरवर ते सगळं उतरवून घेतलं. रत्नपारखी सर माझ्यामागे खुर्ची ओढून बसले, आणि मेंढ्या धुवायचा भाग सुरू झाल्यावर त्यांनी हातातला चहा खाली ठेवला.

“असं काही वर्षानुवर्षं मिळत नाही गं,” ते म्हणाले. “पण हे मधलं काढ. इथे ते तुझ्याकडे बघून बोलतायत. कॅमेऱ्यामागे कोणी आहे हे प्रेक्षकाला कळतं आणि गोष्ट तुझी होऊन बसते. ती त्यांचीच राहू दे.”

सरांना खरं काय ते ठाऊक नव्हतं. मी सांगितलंच नाही, त्यामुळे पुढे दोष त्यांच्यावर ढकलायची सोयही मला राहिली नाही. मी ते अकरा सेकंद काढून पाहिले. गोष्ट एकदम सुटसुटीत झाली. एक म्हातारा दुसऱ्याच्या मेंढ्यांवर आपली खूण लावतो, त्या दाबून ठेवायला बघतो, पकडला जातो, आणि शरमेने खूण धुतो. मग ‘म्हाळूला ठावं हाय?’ हेही खटकायला लागलं. त्यावर मी बासरी टाकली. काकांचं ‘मी मनानं देतोय’ही गेलं. एकेक गोष्ट काढली तसतसा लघुपट चांगला होत गेला, हे मी आज विद्यार्थ्यांना शिकवते तेव्हाही खरंच असतं.

माझा लघुपट पहिला आला. परीक्षकांतल्या एक बाई रुमालाने डोळे टिपत होत्या. पुण्याची जागा मला मिळाली आणि वडिलांनी ऑपरेटरच्या घरी नकार कळवला.

रविवारी घरी सीडी लावली. वडिलांनी पेढे आणले होते. गल्लीतली वीसेक माणसं दाटीने बसली होती. आबांना पुढे खुर्ची दिली होती, ‘हीरो’ म्हणून. म्हाळूकाकांचा तांडा चार दिवसांपूर्वीच कोकणाकडे गेला होता, म्हणजे खरं सांगू शकणारी माणसं त्या खोलीत दोनच होती.

पडद्यावर तलाव दिसला तेव्हा लोक खूश झाले. मग पट्टे आले, बासरी आली, आणि ‘म्या कवा दिल्या?’ आलं, तेव्हा कुणीतरी फिसकन हसलं.

“आगं बया,” शेजारच्या झुंबरबाई म्हणाल्या, “गेणबा भावजी, लोकाच्या मेंढरांवर खूण लावली व्हय तुमी?”

वडिलांचा चेहरा उतरला. “आबा, आसं केलं तुम्ही? म्हाळूच्या मेंढ्या? काय कमी हाय तुम्हाला घरात?”

पडद्यावरचे आबा लोकर पिळत होते. मी टीव्हीशेजारी उभी होते, रिमोट हातात. आता सांगतील असं मला वाटलं. त्यांनी सांगावं असंही वाटलं, आणि सांगितलं तर मी काय म्हणायचं तेही मनात जुळवून झालं होतं.

आबांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

“चुकलं माजं,” ते वडिलांना म्हणाले. “वय झालं. ध्यानात ऱ्हात न्हाई.”

“जाऊ द्या, म्हातारं माणूस,” कुणीतरी म्हणालं. पेढ्यांचा बॉक्स फिरला. मीही एक खाल्ला.

माणसं गेली. वडील त्यांना सोडायला बाहेर गेले. मी वायर गुंडाळत होते. आबा अजून खुर्चीतच होते, बंद टीव्हीसमोर.

“परगे.”

“काय आबा?”

“म्या तुला इचारलं व्हतं. त्ये ह्यात न्हाई.”

“लांबत होतं आबा,” मी म्हणाले.

“आसंल,” ते म्हणाले.

मग त्यांनी चपला घातल्या आणि काठी घेतली. रोज संध्याकाळी ते हमरस्त्याने देवळापर्यंत जात आणि वाटेत चार ओट्यांवर बसत. त्या दिवशी ते घराला वळसा घालून मागच्या बांधाने निघाले. ऊस उंच झाला होता, त्यात ते लगेच दिसेनासे झाले.

मी पुण्याला गेले. आबा पुढे चार वर्षं जगले. सुट्टीत मी घरी यायचे तेव्हा दिसायचं, देवळात जायचं तर ते त्याच बांधाने जात, तेही लोक जेवायला घरोघर गेल्यावर. तिकडून दुसरं कुणीच जात नसे. त्यांच्या एकट्याच्या चालण्याने तिथलं गवत मरून बोटभर खोल पायवाट पडली होती.