मुठीचा डबा

मित्रांनो, नाचणगावला बायजाबाईच्या घरी कधी आलात, तर शेगडीच्या वरच्या फळीकडे जरूर बघा. स्टीलच्या चकचकीत डब्यांच्या रांगेत अगदी शेवटी एक ठेंगणा, पत्र्याचा, पोटाशी चेपलेला डबा बसलेला दिसेल. रंग उडालेला, कडीला सुतळी गुंडाळलेली. तो मी. स्टीलचे डबे मला हसतात. हसू देत बापडे. त्यांच्या पोटात साखर नि चहापत्ती असते, त्यामुळे माझ्या पोटातलं त्यांना कळायचं नाही.

माझा जन्म तसा साधाच. आधी मी वनस्पती तुपाचा डबा होतो. तूप संपलं तसं किराणावाल्याने मला बाहेर फेकलं आणि पुलगावच्या बाजारातल्या एका पत्रेवाल्याने उचललं. त्याने माझं तोंड कापलं, बिजागरीचं झाकण बसवलं, कडी लावून डाख दिला. फार भाजलं तेव्हा. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही म्हणतात. मला देवपण नको होतं, पण डबेपण मात्र मिळालं.

मला विकत घेतलं मंगरूने. नुकतंच लग्न झालेलं, बायकोबरोबरचा पहिला नाताळ, आणि भेट म्हणून काय आणावं, तर हा डबा! मला वाटलं, आता घरात महाभारत होणार. पण बायजाने मला उलटंसुलटं करून पाहिलं, पदराने पुसलं आणि म्हणाली, "मुठीसाठी बरा हाय." तेवढ्या शब्दांवर माझं नशीब ठरलं.

मूठ म्हणजे काय, तेही सांगतो. नाचणगावात चर्चला जाणारी घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. त्यांच्यात एक जुनी रीत आहे. घरची बाई स्वयंपाकाला लागली, की तांदूळ धुण्याआधी, डाळ शिजायला टाकण्याआधी, ज्वारी दळायला काढण्याआधी त्यातली एक मूठ डब्यात टाकते. टाकताना कोणा एकाचं नाव घ्यायचं. जो आजारी आहे, ज्याचं काम सुटलं आहे, ज्याचं मन मोडलं आहे, त्याचं. "प्रभू, याच्याकडे बघ," एवढंच म्हणायचं. रविवारी सगळे डबे चर्चमध्ये येतात आणि एका मोठ्या टोपल्यात रिकामे होतात. तांदूळ, ज्वारी, तूर, मूग, सगळं एकमेकांत मिसळून जातं. मग ज्या घरी चूल थंडावली असेल तिथे ते मुठीचं धान्य पोचतं. ते घर कोणत्या देवाचं, हे कोणी विचारत नाही.

रिकामं भांडं फार वाजतं, असा टोमणा लोक मारतात. मला त्याचं वाईट वाटत नाही. सोमवारी सकाळी मी ठणठण रिकामा असतो. बायजाची पहिली मूठ तळावर पडली की मी असा खणखणायचो, की अंगणात दात घासणारा मंगरू तोंडात फेस घेऊनच ओरडायचा, "झाली वं सुरुवात!" आमच्या घरचा आठवडा असा उजाडायचा.

मित्रांनो, गावाची किती दुःखं माझ्या पोटात पडली म्हणून सांगू! कोणाचा ताप, कोणाचं भांडण, कोणाची नांदायला न जाणारी लेक. पोलीस पाटलाला ठाऊक नसेल एवढं मला ठाऊक आहे. पण पोटात ठेवायला मी शिकलो आहे. मंगरू वारला त्या आठवड्यातही बायजाने मूठ चुकवली नाही. मुलाचं, कुंदनचं नाव घेतलं. बाप गेलेला लेक तिला स्वतःपेक्षाही उघडा वाटला असावा.

शेजारची नलूबाई तिची फार थट्टा करायची. "बायजा, तुह्या देवाले पोट हाय का व, रोज मूठ मूठ चारतं त्याले?" बायजा हसून म्हणायची, "देवाले नाई, त्याच्या लेकरायले हाय." पुढे ऐन पेरणीत नलूबाईचा नवरा रूपराव तापाने अंथरुणाला खिळला. घरात धान्य होतं, पण रांधायला कोणाला सवड नव्हती. तेव्हा बायजाने त्याचं नाव घेऊन रोज मूठ टाकली आणि मुठीच्या धान्याची खिचडी शिजवून त्यांच्या दारी नेली. त्यानंतर नलूबाईने देवाच्या पोटाची चौकशी केली नाही.

असे माझे सुखाचे दिवस चालले होते. रविवारी बायजाच्या कडेवर बसून चर्चला जायचो. चर्चच्या मंडळीतल्या प्रमिलाबाई म्हणायच्या, "बायजाबाईचा डबा म्हंजे काठोकाठ!" ते ऐकून मी फुगायचो. आता मी किती फुगणार म्हणा, पत्र्याचा जीव!

मग गेल्या वेचणीत ते घडलं. बायजा रूपरावच्या शेतात कापूस वेचत होती. बोंडाला घातलेला उजवा हात तिथेच लुळा पडला, तोंड वाकडं झालं आणि ती कापसाच्या ओळीतच बसकन बसली. लकवा. कुंदनने तिला वर्ध्याच्या दवाखान्यात नेलं. जीव वाचला, बोलणं परतलं, पाय आधार धरून चालू लागले. उजवा हात मात्र कोणा परक्याचा असावा तसा अंगाला लोंबकळत राहिला. डॉक्टरांनी बजावलं होतं, "बोटं रोज हलवा, रोज काहीतरी धरायला लावा. सोडून दिलंत तर हात गेला."

घरी आल्यावर सून स्वीटीने मला खाली काढलं. "आई, तुमची मूठ मी टाकू का?"

"नोको," बायजा म्हणाली. "माह्या हातचा डबा हाय तो. हातच नाई राह्यला, तं ठेव त्याले झाकून."

"डाव्या हातानं टाका नं मंग."

बायजाने तिच्याकडे असं पाहिलं, की पोरीने माझं झाकण लावूनच टाकलं. आमच्याकडे डाव्या हाताने कोणाला पाण्याचा पेलासुद्धा देत नाहीत. पाहुण्याला दिला तर अपमान होतो, मग देवाला कसं द्यायचं? हे बायजाला कोणी शिकवलं नव्हतं. ते तिच्या हाडात होतं. चर्चमध्ये असा काही नियम नाही. पण हाडातल्या नियमांना चर्च काय करणार?

मला खाटेखाली सरकवलं. थोड्याच दिवसांत माझ्यात गोळ्यांची पाकिटं आली, मलमाची नळी आली, तुटकी कंगवी आली. कोळ्याने झाकणावर संसार थाटला. मित्रांनो, अडगळ होण्याचं दुःख मी तुम्हाला काय सांगू! पण माझ्यापेक्षा मोठं दुःख माझ्या डोक्यावर खाटेवर निजलेलं होतं. ती भिंतीकडे तोंड करून पडायची. स्वीटीने चेंडू हातात दिला तर तो घरंगळू द्यायची. एक दिवस कुंदन तिची बोटं चोळत बसला, तेव्हा ती म्हणाली, "नोको मेहनत करू रे बापा. देवानं माहा हात काढून घेतला. त्याले आता माहं काम नाई."

कुंदन उठून बाहेर गेला. मी खालून सगळं ऐकलं. जी बाई जन्मभर दुसऱ्यांसाठी 'बघ' म्हणत आली, तिला वाटत होतं, की आपल्याकडे बघणारं कोणी उरलं नाही. हात तर जात होताच, त्याच्यामागून तीही निघाली होती.

रविवारी दुपारी प्रमिलाबाई कापडी पिशवी घेऊन आल्या. पिशवीत मुठीचं धान्य होतं. बायजाने मान वळवली. "माह्या घरी काऊन आणलं? ज्याले गरज हाय तिथं नेजो." प्रमिलाबाईंना काही बोलायचं होतं, पण त्या थांबल्या. पिशवी खाटेच्या पायाशी ठेवून, प्रार्थना करून गेल्या. पिशवीची गाठ तशीच राहिली. आठवडा सरत आला, तरी सुटली नाही.

मग एका सकाळी नलूबाई धावतच आली. पायात चप्पल नाही, हातात मोबाइल. तिची लेक अंकिता आर्वीला सासरी असते, पहिलटकरीण. रात्रीपासून पोरीच्या जिवावर आलं होतं आणि आर्वीहून तिला वर्ध्याला हलवलं होतं.

"बायजा, धनंजय गाडी काढून राह्यला, मी चालली तिच्यापाशी," धाप टाकत नलूबाई म्हणाली. धनंजय तिचा मुलगा. "पण आधी तू माह्या अंकितासाठी मूठ टाक."

"माही मूठ वळत नाई, नलू."

"दुसरा हात हाय नं?"

"डाव्या हातानं देवाले देतं का कोणी?"

नलूबाई खाटेच्या कडेवर बसली आणि रडतच चिडली. "माय वं! लेकरू विहिरीत पडून राह्यलं असतं, तं तू हात पाह्यला असता का, उजवा का डावा? जो हाती लागला त्यानं धरलं असतं नं? तुह्या देवाले तुह्यापेक्षा मी वळखतो मंग!"

बाहेर धनंजयने हॉर्न वाजवला. नलूबाई डोळे पुसत उठली आणि गेली.

मग खाट करकरली. बायजा उठून बसली. "स्वीटे, डबा काढ." स्वीटीने मला ओढून काढलं, गोळ्या, मलम, कंगवी बाजूला केली आणि कोळ्याला सपरिवार बाहेर काढलं. फळीवरचे तांदूळ आणायला ती वळली, तर बायजाने पिशवीकडे बोट केलं. "ती गाठ सोड."

मंडळीने तिला दिलेलं धान्य होतं ते. बायजाने पिशवीत डावा हात घातला. आधी हात तसाच आत राहिला. मग मूठ बाहेर आली. तिने मला मांडीशी घेतलं, लुळ्या उजव्या मनगटाने कसंबसं दाबून धरलं आणि म्हणाली, "प्रभू, हा डावा हात हाय. आता हाच हाय. घे. अंकिताकडे बघ."

निम्मे दाणे जमिनीवर सांडले, निम्मे माझ्यात पडले. पण खरं सांगतो, एवढ्या मोठ्याने मी पूर्वी कधी वाजलो नव्हतो.

संध्याकाळी फोन आला. ऑपरेशन झालं, मुलगी झाली, दोघी सुखरूप. मित्रांनो, मी डबा आहे, चमत्काराची फुशारकी मारणार नाही. वर्ध्याच्या डॉक्टरांनी आपलं काम चोख केलं. पण बायजाने फोन ठेवला आणि "भूक लागली" म्हणाली. हे शब्द त्या घरात कितीतरी दिवसांनी ऐकू आले.

पिशवी उघडलीच होती, म्हणून स्वीटीने त्यातल्या धान्याचीच खिचडी केली. बायजाने जन्मभर ते धान्य वाटलं, पण स्वतः कधी चाखलं नव्हतं. आता ती घास चावत थांबू लागली. "हा तांदूळ तानाबाईचा, तिच्याच घरी एवढा जाड असते. मूग कांताच्या घरचे." एकेका घासाला एकेक घर आठवत होतं. तेवढ्यात प्रमिलाबाई डोकावल्या. ताटलीतली खिचडी पाहून त्यांचा चेहरा खुलला. "त्या दिवशी सांगायचं राह्यलं, बायजाबाई," त्या म्हणाल्या. "साऱ्या घरच्या मुठीवर एकच नाव होतं. तुमचं."

बायजाचा घास हातातच राहिला. डोळ्यांतून पाणी गळत होतं नि ती हसत होती. "म्हंजे तो पाहूनच राह्यला होता," ती म्हणाली. "मीच भिंतीकडे तोंड केलं होतं."

त्या दिवसापासून मी परत फळीवर आलो. प्रत्येक स्वयंपाकाला डावी मूठ पडते आणि उजव्या हाताने मला धरून ठेवायचं, हे ठरूनच गेलं. ज्या चेंडूकडे ती बघत नव्हती, त्याचं काम मी करू लागलो. माझ्या कडीला सुतळी त्यासाठीच गुंडाळली आहे, बोटांना पकड यावी म्हणून. माझ्या पोटाला पडलेले पोचे तिच्या मनगटाचे आहेत. कोणी ते ठोकून सरळ करतो म्हणालं, तर मी राजी नाही.

गहू-हरभरा घरात आल्यावर चर्चमध्ये उपकारस्तुतीचा, म्हणजे नव्या पिकाबद्दल देवाचे आभार मानण्याचा, रविवार झाला. बायजा काठी टेकत, स्वीटीचा खांदा धरत गेली. दारात नलूबाई नातीला घेऊन उभी होती. तिने ओंजळभर हरभरा माझ्यात ओतला. म्हणाली, "नाव तूच घेजो, मले जमत नाई." मी काठोकाठ भरलो आणि टोपल्यात रिकामा झालो.

दुसऱ्या दिवशी सोमवार. बायजा शेगडीपुढे उभी राहिली. डावा हात तांदळाकडे गेला आणि मधेच थांबला. मग उजवा निघाला. बोटं अर्धवट वळली, थरथरली, थोडे दाणे त्यांना चिकटले. डाव्या हाताने त्या हाताला खालून आधार देत तिने तो माझ्यावर आणला. या वेळी तिने कोणाचं नाव घेतलं नाही. "प्रभू, तू बघतलं," एवढंच म्हणाली.

मूठ नव्हतीच ती, चिमूट होती. पण मी रिकामा होतो, म्हणून वाजलो. आणि अंगणातून, तोंडात फेस घेऊन, कुंदन ओरडला, "झाली वं माय सुरुवात!"

मित्रांनो, तुमच्याही घरात एखादा चेपलेला डबा असेल, किंवा भिंतीकडे तोंड करून निजलेलं एखादं माणूस असेल. त्यांची धूळ पुसा, औषध द्या, ते तर कराच. पण जवळ बसून त्यांच्याकडे काहीतरी मागाही. नलूबाईने मागितलं, म्हणून बायजा उठून बसली. आम्हा जुन्यांनाही अजून द्यायचं असतं. मी तर झाकण उघडं ठेवूनच बसलो आहे. तुम्ही मूठ आणा, कोणत्याही हाताने आणा.