अठ्ठाविसावं नाव आणि माझी वाकडी धार

मित्रांनो, माझ्याकडे बघून कुणी आता "वा" म्हणत नाही. अंगावरचा लाल रंग कडेकडेने उडालाय, मोटर सुरू होताना खाकरते आणि चालू झाली की साऱ्या रिंकला कळतं. मी स्केट्सच्या पात्यांना धार लावणारं यंत्र आहे. डनबरी गावच्या आइस हॉकीच्या रिंकमध्ये, उपाहारगृहाला लागून असलेल्या एका चिंचोळ्या खोलीत मी पंचावन्न वर्षं उभा आहे. खोलीला एक अर्धी खिडकी आहे. तिच्यातून मला कॉफीचं लांब टेबल आणि पलीकडच्या काचेतून खेळाडूंचे बाक दिसतात, आणि टेबलावरची प्रत्येक बढाई ऐकू येते.

माझा जन्म ओंटारिओतल्या एका कारखान्यात झाला. लाकडी खोक्यात घालून मला मालगाडीने इकडे पाठवलं. स्टेशनवर उतरलो त्या दिवशी थंडी अशी होती की चार माणसांनी मला घसरगाडीवर बांधलं आणि वाटेत एकही शब्द न बोलता ओढत आणलं. पहिली सोळा वर्षं मला रिंकचा रखवालदार चालवी. त्याला नेहमी घाई. त्यानंतर आला ओरेस्ट बाबियुक, आणि माझं नशीब उघडलं.

ओरेस्ट दिवसा धान्याच्या कोठारावर काम करायचा आणि संध्याकाळी माझ्याकडे यायचा. त्याचे हात जाड, पण स्पर्श हलका. तुम्ही कधी स्केटचं पातं जवळून पाहिलंय का? त्याला एक धार नसते, दोन कडा असतात आणि मध्ये बारीक खोलगट जागा. दोन्ही कडा एका उंचीच्या हव्यात. एक जरी केसभर वर राहिली, तरी वळताना पाय दगा देतो. म्हणून ओरेस्ट प्रत्येक पात्यावर एक नाणं आडवं ठेवून बघायचा. नाणं सरळ बसलं की पास. कललं की पुन्हा चाकावर. पोरं बाहेर ओरडत असायची, "ओरेस्ट, आटप ना, राष्ट्रगीत सुरू झालं!" हा मात्र नाण्यावरची नजर हलवायचा नाही. मला त्याचा फार अभिमान वाटे. गावातली तीन पिढ्यांची पोरं माझ्या ठिणग्या बघत मोठी झाली, आणि कुणी चांगला खेळला की त्याचे वडील आत डोकावून म्हणायचे, "धार झकास होती हं, ओरेस्ट." माझ्याकडे कुणी बघत नसे. पण चाक कुणाचं होतं ते मला ठाऊक होतं.

आता मी जी गोष्ट सांगणार आहे तिच्यात माझाही दोष आहे. तो लपवायचा असता तर मी बोललोच नसतो.

आमच्याकडे एक रिवाज आहे. पाहुण्या संघातल्या कुणाची धार गेली, तर यजमान गावाने ती लावून द्यायची. सामना कितीही चुरशीचा असो, नाही म्हणायचं नाही. अडीच वर्षांपूर्वी, फेब्रुवारीत, आमचा अंतिम सामना होता स्टोनी क्रॉसिंगशी. ते गाव अकरा मैलांवर, आणि आमच्या तोंडी त्याचं नाव कधी कौतुकाने आलेलं नाही. त्यांच्या संघातला जारेट नावाचा सोळा वर्षांचा पोरगा स्केट्स घालून सिमेंटवरून चालला आणि कडा बोथट करून बसला. सामन्याला दहा मिनिटं उरली असताना स्केट्स माझ्यापुढे आल्या.

त्या वेळी ओरेस्टच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत होता. हे त्याला आणि मला, दोघांनाच माहीत होतं. आणि माझा पातं धरणारा शिकंजा त्याच संध्याकाळी एका बाजूने खाली सरकला होता, कारण त्याचा स्क्रू झिजला होता. कित्येक वर्षांत कुणी तो उघडून पाहिला नव्हता. ओरेस्टने धार लावली, नाणं ठेवलं. नाणं कललं. मला स्पष्ट दिसलं. त्याला ते सरळ दिसलं. मी ओरडू शकत नव्हतो, माझ्यापाशी एकच आवाज आहे आणि तो सगळ्याला सारखाच.

जारेट तीनदा पडला. तिसऱ्यांदा पडला तेव्हा आमच्या पोरांनी गोल केला आणि सामना जिंकला. कुणीतरी ते तिन्ही प्रसंग फोनवर टिपून एकापुढे एक जोडले, आणि आठवड्याभरात साऱ्या प्रांताने ते पाहून हसून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या उन्हात भिंग घेऊन ओरेस्टने त्यानंतर धार लावलेलं दुसरं एक पातं तपासलं, आणि त्याला वर राहिलेली कड दिसली. त्याने माझा स्क्रू बदलला. वसंतात बहिणीला भेटायला जातो असं सांगून रिजायनाला गेला आणि दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन करून आला. पण बोलला नाही. मूग गिळून गप्प बसला. ही खोली म्हणजे त्याचा सगळा दिवस होता. बायको गेलेली, कोठार बंद पडलेलं. रिंक समितीचा अध्यक्ष ग्लेन शूमाकर आधीच नवं आपोआप चालणारं यंत्र आणायच्या गोष्टी करत होता. एक चूक कळली असती तर खोलीची किल्ली गेली असती.

मित्रांनो, त्याचा राग येत असेल तर येऊ द्या. मलाही यायचा.

आता गेल्या जूनच्या शेवटच्या शनिवारची सकाळ. तुम्हाला माहीत असेल, जूनअखेर मोठ्या लीगमधले संघ अठरा वर्षांच्या पोरांची पाळीपाळीने निवड करतात. बत्तीस नावांच्या पहिल्या फेरीत नाव पुकारलं गेलं की घराण्याचं नाव झालं समजा. त्या लीगमधला आमचा लाडका संघ ट्रॅपर्स, पाच तासांवरच्या शहरातला. त्यांची पाळी अठ्ठाविसावी होती आणि आदल्या संध्याकाळी त्यांनी साऱ्यांना चकित करत नाव घेतलं होतं जारेटचं.

रिंकवर बर्फ नव्हता, तरी टेबल भरलं होतं. भिंतीवरच्या हुकांना टांगलेले आपापल्या नावाचे मग खाली उतरले होते. ग्लेनने पहिला घोट घेण्याआधीच तोंड सोडलं.

"अठ्ठाविसावा! जाणकारांच्या सगळ्या याद्यांमध्ये पोरगं ब्याण्णवावं आहे. ब्याण्णवावं! तिसऱ्या फेरीत आरामात मिळालं असतं की! आणि समोर तो सहा फूट चार इंचाचा फिनलंडचा बचावपटू शिल्लक होता."

"गेल्या वर्षी पण तुला धिप्पाडच हवा होता," लायल म्हणाला. लायल निवृत्त शिक्षक, आणि ग्लेनच्या विरुद्ध बोलणं हा त्याचा सकाळचा व्यायाम. "मिळाला. कुठंय तो आता?"

"त्याचा गुडघा गेला, त्याला मी काय करू?"

"गुडघा जायच्या आधीसुद्धा तो फ्रिजसारखाच हलायचा."

टेबल हसलं. ग्लेन हसला नाही. "हस, हस. अरे, याच रिंकवर आपण त्याला तीनदा तोंडावर आपटताना पाहिलंय. ज्याला उभं राहता येत नाही त्याच्यावर पहिली फेरी उधळली! संघाचा मालक शुद्धीवर होता का?"

इतक्यात व्हर्ना दालचिनीचे बन घेऊन आली. उपाहारगृह तीच चालवते. तिची मुलगी लग्न होऊन स्टोनी क्रॉसिंगला गेली, आणि जारेट हा त्या मुलीचा मुलगा. म्हणजे व्हर्नाचा सख्खा नातू. टेबलाला हे पक्कं माहीत होतं.

"मनावर घेऊ नकोस हं, व्हर्ना," ग्लेन म्हणाला. "पोरगा चांगलाच आहे. मी फक्त त्याच्या पायांबद्दल बोलतोय."

"बोल ना. दोन वर्षं बोलतोयसच," व्हर्ना म्हणाली आणि त्याच्यापुढे सगळ्यात लहान बन ठेवला.

ओरेस्ट टेबलाच्या टोकाला बसला होता. त्याने त्याच्या बनला हात लावला नाही.

लायलने वर्तमानपत्र उलगडलं. "ऐका तरी. ट्रॅपर्सचा निवड प्रमुख काय म्हणतो बघा. त्यांनी प्रत्येक पोराला बोलावून त्याच्या सगळ्यात वाईट दिवसाबद्दल विचारलं. कुणी पंचांना दोष दिला, कुणी बर्फाला, कुणी प्रशिक्षकाला. जारेटला त्या तीन पडण्याबद्दल विचारलं. तो म्हणाला, 'मी पडलो.' बास. पुढे काही नाही. मग त्यांनी त्याचे या वर्षीचे सगळे सामने पुन्हा बसून पाहिले."

"म्हणजे पहिली फेरी सभ्यपणावर घालवली!" ग्लेनने टेबलावर हात आपटला. "अरे, मग आमच्या पाद्रीबाबांना घ्यायचं होतं!"

तुम्हाला हे समजायला हवं की आमच्या लोकांत स्केट्सना दोष देणं ही सगळ्यात मोठी लाज आहे. धार वाईट होती असं म्हणणाऱ्या पोराला बापसुद्धा जवळ घेत नाही. म्हणून त्या दिवशी जारेटने बाकावर बसून पात्याकडे एकदा पाहिलं होतं आणि पाय खाली ठेवला होता. ते मी खिडकीतून पाहिलं होतं. 

ओरेस्ट उठला. मला वाटलं, निघाला घरी. पण तो तिथेच उभा राहिला.

"धार मी लावली होती," तो म्हणाला.

"कसली धार?" ग्लेनने विचारलं.

"त्याची. त्या दिवशी. एक कड वर राहिली होती, दोन्ही पायांत. मला तेव्हा दिसत नव्हतं. मोतीबिंदू होता. दुसऱ्या दिवशी मला कळलं, आणि मी बोललो नाही."

लायलने वर्तमानपत्र मिटलं.  व्हर्ना ट्रे धरून उभी होती.

"मुद्दाम केलंस?" तिने विचारलं.

"नाही गं. देवाशपथ नाही."

मित्रांनो, साक्ष द्यायला मला जीभ असती तर मी त्या क्षणी दिली असती.

"पोर त्या महिन्यात जेवत नव्हतं, ओरेस्ट," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, तेच जास्त लागलं. "माझ्या लेकीने त्याच्या स्टिक्स माळ्यावर लपवल्या होत्या, तो जाळायला निघाला होता म्हणून. आणि तू रोज इथं बसून माझ्या हातची कॉफी पीत होतास."

"हो," ओरेस्ट म्हणाला. 

व्हर्नाने ट्रे ठेवला, एप्रनमधून फोन काढला, नंबर लावला आणि फोन टेबलाच्या मधोमध ठेवला. "मला काय सांगतोस? त्याला सांग. सगळ्यांना ऐकू येऊ दे."

जारेटचा आवाज आला, झोपाळू आणि खूश. "आजी! अगं, मी अजून झोपलोच नाहीये नीट—"

"जारेट, मी डनबरीचा ओरेस्ट बाबियुक बोलतोय. रिंकवरचा, धार लावणारा." त्याने टेबलाची कड घट्ट धरली होती. "पोरा, तू त्या दिवशी पडलास ती चूक तुझ्या पायांची नव्हती. धार वाकडी होती. माझी. हे मी तुला तेव्हाच सांगायला हवं होतं. मी भ्यालो."

फोनमधून पलंगाची करकर ऐकू आली. मग पोरगा म्हणाला, "मला माहीत आहे."

"काय?"

"मी घरी येऊन पाहिलं होतं. दोन्ही पात्यांची बाहेरची कड वर होती."

"अरे, मग बोलला का नाहीस?" हे ग्लेन ओरडला.

"काय बोलणार? तुम्ही सगळे म्हणाला असता, स्केट्सच्या नावाने रडतोय." मग त्याचा आवाज खाली आला. "आणि ओरेस्टकाका, खरं सांगू? पहिल्या दोनदा तुमची धार होती. तिसऱ्यांदा मी घाबरलो होतो. तिसऱ्यांदा मी माझा मीच पडलो. नंतर दोन वर्षं मी त्या तिसऱ्यावरच काम केलं."

ओरेस्टने डोळ्यांवर हात घेतला. लायलने चष्मा पुसायला काढला आणि पुसला नाही. व्हर्ना फोनकडे वाकून म्हणाली, "जा, झोप आता," आणि फोन एप्रनमध्ये टाकून आत गेली. ओरेस्टशी ती त्या दिवशी एक अक्षर बोलली नाही. नंतरही बरेच दिवस ती त्याची कॉफी ठेवायची आणि निघून जायची. ते तिच्या हक्काचं होतं.

ओरेस्टने खिशातून माझ्या खोलीची किल्ली काढली आणि ग्लेनपुढे सरकवली. 

ग्लेन किल्लीकडे बघत राहिला. "तेव्हाच सांगायचंस ना, दिसत नाही म्हणून," तो पुटपुटला.

"सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस?"

ग्लेन शूमाकर हा मोठ्या तोंडाचा माणूस, पण खोटा नाही. 

"किल्ली घेतली असती," तो म्हणाला.

मग त्याने विचारलं, "आता दिसतं का?"

"दिसतं."

ग्लेनने एका बोटाने किल्ली परत ओरेस्टकडे ढकलली. आणि लगेच लायलकडे वळून म्हणाला, "तरीसुद्धा, तो फिनलंडचा घ्यायला हवा होता." पण या वेळी त्याचा आवाज टेबलापलीकडे गेला नाही.

मित्रांनो, मी यंत्र आहे. मला महिन्यातून दोन थेंब तेल आणि वर्षातून एकदा सगळे स्क्रू तपासणारा हात पुरतो. तेवढं मिळालं असतं तर हे घडलं नसतं, म्हणून तुमच्या घरातल्या जुन्या वस्तूंकडे अधूनमधून बघत जा. पण माणसाला तेल पुरत नाही. "मला आता नीट दिसत नाही" एवढं एक वाक्य त्याला न घाबरता म्हणता यावं लागतं. तुमच्यापुढे कुणी ते म्हणालं, तर आधी त्याची किल्ली काढून घेऊ नका. त्याला डॉक्टरांकडे घेऊन जा, आणि तो परत येईपर्यंत त्याची जागा राखून ठेवा.